साडेतीन हजारांची खोली, सात हजारांचा हप्ता

कोल्हापुरात शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला, पंचगंगेकडं उतरणाऱ्या एका बोळात दहा बाय बाराची खोली. भाडं महिना ३,५००. त्यात पाच माणसं: शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला असलेला नवरा, तीन घरी चपात्या करणारी बायको, सासू, नववीतली मुलगी आणि पहिलीच्या वयाचा मुलगा. २०२१ च्या महापुरानंतर या कुटुंबानं स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं आणि मार्च २०२२ मध्ये ते घेतलं. मी त्याच गल्लीतला, कागदपत्रांच्या धावपळीत त्यांच्याबरोबर होतो, त्यामुळं आकडे जवळून माहीत आहेत. नावं देत नाही. गल्लीत सगळे तिला आक्का म्हणतात, म्हणून इथंही आक्का. आणि तिचा नवरा म्हणजे दाजी.

परवडणाऱ्या घराबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा किमतीपाशी येऊन थांबतो. किती लाखांचं, अनुदान किती, एवढं कळलं की विषय संपतो. आक्काच्या घराचा हिशेब जवळून बघितल्यावर माझं ठाम मत झालं, की किमतीच्या आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: घर रोजच्या कामापासून किती लांब आहे, आणि ते कुणाच्या नावावर आहे.

खोली स्वस्त का होती

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. नदीकाठच्या माणसाला हे आकडे पाठ असतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की बोळातली माणसं रात्री झोपत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर. दोन्ही वेळा आक्काची खोली बुडाली.

पुराची तयारी म्हणजे काय, ते त्या खोलीत दिसायचं. माळ्याला दोन जादा फळ्या ठोकलेल्या. रेशन कार्ड, मुलांचे दाखले, आधार आणि दाजींची पीएफची कागदं दोन प्लास्टिक पिशव्यांत घालून, वर दोरी बांधून खिळ्याला टांगलेली. गॅसची टाकी कुणी उचलायची, आज्जीला कुणी धरायचं, हे घरात ठरलेलं. तरी २०१९ मध्ये गाद्या गेल्या, टीव्ही गेला, शिलाई मशीनची मोटर गेली, धान्याचे डबे गेले. पाणी उतरल्यावर चिखल उपसण्यात दिवस गेले, तेवढी दाजींची हजेरी बुडाली. आक्काची कामंही बंद होती, कारण पंपिंग स्टेशनंच पाण्याखाली गेल्यानं शहरभर नळ कोरडे होते आणि बरीच घरं गावाला निघून गेली होती.

२०१९ ते २०२१ या तीन वर्षांत बुडालेलं सामान, बुडालेली मजुरी, भिंतींची डागडुजी आणि आज्जीच्या दम्याचा वाढीव खर्च आम्ही एका वहीत मांडला. मिळालेलं सानुग्रह अनुदान वजा करूनही १,०८,००० रुपये भरले. तीन वर्षं म्हणजे ३६ महिने. महिन्याला ३,००० पडले. म्हणजे साडेतीन हजारांची म्हणून घेतलेली खोली खरं तर साडेसहा हजारांची होती. वरचे तीन हजार घरमालकाला जात नव्हते, नदी घेत होती, एवढाच फरक. आक्का त्या बेरजेकडं बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "पाणी आल्यावर बघू म्हणून किती दिस काढायचे? आता मी हितं पावसाळा काढणार न्हाई."

पूररेषेच्या नियमानं या गोष्टीला आणखी एक पदर आहे. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवं बांधकाम करता येत नाही. नियम बरोबरच आहे. पण त्यामुळं काठावरची जुनी घरं आहेत तशीच राहतात, मालक त्यात पैसा घालत नाही, आणि गावात सगळ्यात कमी भाडं तिथंच मिळतं. ज्याला तोटा सोसवत नाही, नेमका तोच माणूस तिथं येऊन पडतो.

भाड्याच्या खोलीचा अजून एक तोटा होता, तो वहीत मांडता आला नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांसाठी मुलाचा अर्ज भरायचा होता. भाडेकरूला राहत्या जागेचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालक करार करून द्यायला तयार नव्हता. उद्या खोलीवर हक्क सांगाल, ही त्याची भीती. अर्ज राहिला तो राहिलाच.

घर शोधताना

दाजींचा पगार तेव्हा १८,०००, आक्काचे तीन घरांचे मिळून ९,०००. वर्षाचं उत्पन्न ३,२४,०००. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात ३ लाखांपर्यंत आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट आणि ३ ते ६ लाख अल्प उत्पन्न गट, म्हणजे हे दुसऱ्या गटात बसत होते. स्वतःची जागा असती तर त्या योजनेत बांधकामाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळू शकत होता, पण त्यासाठी उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं; आणि जागा तर नव्हतीच. त्यामुळं उरली व्याज अनुदानाची वाट: ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर २० वर्षांसाठी साडेसहा टक्के व्याजाची सवलत, तीही एकरकमी काढून कर्जखात्यात जमा. जास्तीत जास्त २.६७ लाख. या दोन गटांसाठी ही सोय ३१ मार्च २०२२ ला संपणार होती. ऑगस्टमध्ये चिखल काढला आणि मार्चच्या आत कर्ज मंजूर व्हायला हवं, असा तो काळ.

पहिल्यांदा समोर आलं ते हातकणंगले रस्त्याला शहरापासून वीसेक किलोमीटरवर असलेलं वन आरके. किंमत ८ लाख. इमारत नवी, रंग ताजा, दाजी एका फेरीतच खूश. आक्कानं मात्र तिथंच पायरीवर बसून बोटांवर हिशेब घातला. सकाळी सहाला पहिल्या घरी चपात्या लागतात. एवढ्या पहाटे तिथून मंगळवार पेठेत पोचवणारी बस नाही. म्हणजे पहिलं घर सुटलं. दुसऱ्या पाळीला दाजी रात्री बाराला सुटतात, मग मोटरसायकल घ्यायची, पेट्रोल घालायचं. महिन्याला तीन हजारांचं काम गेलं आणि तेवढाच खर्च वाढला. मग पुढं शहरात घेतलेल्या घरापेक्षा साडेचार लाखांनी स्वस्त असलेलं ते घर स्वस्त कसलं?

तिला ठाऊक नव्हतं, पण हेच अहमदाबादच्या एका अभ्यासात दिसलेलं आहे. तिथं १९८७ मध्ये विडी कामगार स्त्रियांसाठी घरांची सोडत निघाली होती. घरं शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटर लांब. चौदा वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा सोडत लागलेल्यांपैकी ३४ टक्के कुटुंबं तिकडं राहायला गेलीच नव्हती आणि ३२ टक्के जाऊन परत आली होती. उत्पन्नात किंवा मुलांच्या शिक्षणात सोडत न लागलेल्यांपेक्षा फरक दिसला नाही. नातेवाईक आणि शेजार मात्र तुटला, अडीनडीला धावून येणारी माणसं लांब पडली. उलट मुंबईत म्हाडाच्या सोडतीत घर लागलेली आणि न लागलेली कुटुंबं ताडून बघितली, तर लागलेल्यांच्या घरातली मुलं जास्त शिकलेली आणि जास्त प्रमाणात नोकरीला लागलेली आढळली. घर मिळालं म्हणजे सगळं आपोआप होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन्ही निकाल शेजारीशेजारी ठेवून बघावेत.

शेवटी ठरलं ते सानेगुरुजी वसाहतीच्या बाजूचं, एका जुन्या अपार्टमेंटमधलं दुसऱ्या मजल्यावरचं वन बीएचके. चटई क्षेत्र ३५ चौरस मीटर, किंमत साडेबारा लाख. लिफ्ट नाही, रंग उडालेला, पण दाजी सायकलवरून अर्ध्या तासाच्या आत कामावर पोचतात आणि आक्काला केएमटीची सिटी बस सापडते. पाणी तिथवर येत नाही, हे तिनं चार वेगवेगळ्या माणसांना विचारून खात्री करून घेतलं.

कर्ज

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला आणि मनस्तापही इथंच झाला. पहिल्या बँकेनं दाजींची पगाराची स्लिप बघितली आणि साडेपाच लाखांच्या वर जाता येणार नाही म्हणून सांगितलं. आक्काचे नऊ हजार त्यांच्या लेखी नव्हतेच. बारा-तेरा वर्षं एका घरचं काम न चुकवणारी बाई, पण कागद नाही म्हणून मिळकत शून्य!

एका गृहवित्त कंपनीनं ते गृहीत धरलं. त्यांचा तरुण अधिकारी आक्का काम करते त्या तिन्ही घरी गेला. मी एका घरी बरोबर होतो. आक्का तव्याजवळ उभी, तो दारात फाइल घेऊन. आतल्या काकूंना विचारतोय की किती वर्षं येतात, खाडे किती, पैसे रोख की खात्यावर. काकू म्हणाल्या, "आमच्याकडं घड्याळ बंद पडलं तरी चालतं, ह्या आल्या की सहा वाजले." त्यानं ते तसंच लिहून घेतलं की नाही माहीत नाही, पण कर्ज ९ लाखांचं मंजूर झालं. व्याज मात्र १० टक्के. पक्क्या नोकरदाराला त्या दिवसांत घरकर्ज सात टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. मिळकत रोखीतली असल्याचा हा वरचा भुर्दंड, आणि गरिबाला घर महाग पडण्याचं हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं. विटा-सिमेंटचा भाव सगळ्यांना सारखाच असतो.

उरलेले साडेतीन लाख आणि वर मुद्रांक शुल्क-नोंदणीचे पाऊण लाखाच्या आसपास, हे असे उभे राहिले: दाजींचा पीएफ दीड लाख, आक्काचं गंठण आणि पाटल्या विकून १ लाख १५ हजार, भिशीचे साठ हजार, भावाकडून हातउसने एक लाख. घर एकट्या आक्काच्या नावावर केलं. अनुदानासाठी घरातल्या बाईचं नाव मालकीत असणं सक्तीचं होतंच. शिवाय एप्रिल २०२१ पासून राज्यात फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. साडेबारा हजार वाचले. दाजींनी खळखळ केली नाही, पण त्यांच्या थोरल्या भावानं दोन दिवस अबोला धरला होता.

पहिले सात-आठ महिने फार वाईट गेले. हप्ता ८,६८५ आणि मेंटेनन्स ७००, म्हणजे मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. अनुदानाचे २.६७ लाख दिवाळीच्या सुमाराला खात्यात आले. त्यानंतर हप्ता ६,१०० च्या घरात यायला हवा होता. पण मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला, आणि कर्ज बदलत्या व्याजाचं. कंपनीनं १२ टक्के लावले. सव्वासहा लाखांवर बारा टक्क्यांनी नुसतं व्याजच महिन्याला ६,२५० होतं. म्हणजे ६,१०० च्या हप्त्यावर चालू ठेवलं असतं, तर मुद्दल कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं असतं. हप्ता ७,००० वर जाऊन टेकला. "पैसे भरून कर्ज वाढतंय म्हंजे काय ओ?" हा दाजींचा प्रश्न अगदी रास्त होता. सही करताना बदलत्या व्याजाचा अर्थ त्यांना कुणी नीट समजावून सांगितला नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केला, की व्याज बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, याचा पर्याय कर्जदाराला द्यायलाच हवा. यांच्यासाठी तो उशिरा आला.

काय बदललं

दोन मोठे बदल आधी सांगतो, बाकीचे त्यांच्यामागून आले.

पहिला संडासाचा. बोळात सहा बिऱ्हाडांत एक संडास होता, तोही अंगणाच्या टोकाला. मुलगी संध्याकाळनंतर पाणी प्यायचीच नाही, रात्री उठावं लागू नये म्हणून. वर्षानुवर्षं. तिला वारंवार लघवीच्या जागी जळजळ व्हायची, औषध चालू व्हायचं, बंद व्हायचं. नव्या घरात गेल्यावर ते कधी थांबलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आक्कानंच एकदा सहज बोलताना सांगितलं. घरांच्या योजनांच्या अहवालांत चौरस मीटर असतात, ही गोष्ट नसते. मला विचाराल तर पहिल्या पानावर हीच असायला हवी.

दुसरा बदल मिळकतीचा. जुन्या खोलीत दुसरी शेगडी लावायला मालकाची मनाई होती, आणि पहाटे पाचला सामाईक नळावर नंबर लावण्यात तास जायचा. आता घरात नळ आहे. त्या तासात आक्का एका खानावळीच्या चपात्या करते, आता मदतीला शेजारची एक बाई घेते. त्यासाठी अन्न परवान्याची प्राथमिक नोंदणी केली. तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती, पण पत्त्याचा पुरावा लागतो. तो आता वीजबिलाच्या रूपानं तिच्या स्वतःच्या नावावर आहे. खर्च जाऊन महिन्याला चार हजार सुटतात. वाढलेल्या हप्त्याची तोंडमिळवणी झाली ती या चार हजारांवर. घर लांब असतं तर खानावळीला सकाळच्या चपात्या पोचल्या नसत्या.

नावावर घर असण्यानं माणूस बदलतं का? आक्काच्या बाबतीत मी जे बघितलं तेवढंच सांगतो. अपार्टमेंटच्या बैठकीत पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून वाद झाला. वाटणी सगळ्यांना सारखी असावी, असं मोठ्या फ्लॅटवाल्यांचं म्हणणं. आक्का उठून म्हणाली, "माझं घर लहान, माझा हिस्साबी लहानच हुईल. कागदात बघा." कागदात तसंच होतं. जुन्या गल्लीत भाडेकरू म्हणून ती कधी चार माणसांत बोललेली मी बघितली नव्हती.

मुलगी दहावी होऊन तंत्रनिकेतनला गेली. अभ्यासाला स्वतंत्र कोपरा मिळाला, त्याचं हे फळ म्हणावं का? थोडं असेल; पोरगी मुळातच हुशार आहे. मुलाची शाळा आता घराजवळची आहे आणि पावसाळ्यात बुडत नाही.

आज्जीचं मात्र नुकसान झालं. दमा कमी झाला, ओल गेली, हे खरं. पण जुन्या बोळात ती दिवसभर उंबऱ्यात बसायची, येणारा-जाणारा बोलायचा, गंगावेशीच्या भाजीवाल्या थांबायच्या. आता दुसरा मजला आणि गुडघे. "हितं माणसं दिसत न्हाईत, नुसती बंद दारं दिसत्यात," म्हणते. दर पंधरवड्याला दाजी तिला रिक्षानं जुन्या गल्लीत सोडतात, चार दिवस पुतणीकडं राहून ती परत येते. दाजींचंही मन अजून जुन्या तालमीतच आहे. गणपतीचे दहा दिवस ते तिकडंच. नव्या ठिकाणी वर्गणी देतात, पण मांडव घालायला जातात जुन्याच मंडळात. या तुटण्याचा विचार कुठल्याही योजनेत नसतो. निदान पुनर्वसन करताना एका गल्लीतली माणसं एका इमारतीत जातील एवढं तरी बघता येईल.

आजची स्थिती

भावाचे एक लाख फिटले. गंठण अजून झालं नाही. २०२५ मध्ये रेपो दर सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आला, पण हप्ता चढला होता तेवढ्या चपळाईनं काही उतरला नाही. दर बदलून घ्यायचा अर्ज दिला आहे. दाजींचा पगार थोडा वाढला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आवास योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी घेतलेल्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या ८ लाखांवर चार टक्के सवलत आहे, कमाल १.८० लाख, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. आक्काच्या वाट्याला आलेली रक्कम एकदम आली, म्हणून मुद्दल एका फटक्यात उतरलं. पाच वर्षांत तुकड्यातुकड्यानं येणाऱ्या पैशाचा आधार पहिल्या वर्षी, जेव्हा माणूस बुडायच्या बेतात असतो, तेव्हा फारसा मिळणार नाही. हा बदल मला चुकीचा वाटतो.

आणि ती जुनी खोली रिकामी राहिलेली नाही. आक्कानं सोडली त्याच महिन्यात तिथं सेंट्रिंगचं काम करणारं एक जोडपं दोन लहान पोरांना घेऊन आलं. भाडं आता ४,५००. त्या माणसाला पीएफ नाही, पगाराची स्लिप नाही, वर्षातले चार महिने काम कोल्हापूरबाहेर. दहा टक्क्यांनीच काय, पंधरा टक्क्यांनीही त्याला कुणी कर्ज देणार नाही, आणि त्याला आत्ता घर विकत घ्यायचंही नाही. त्याला हवी आहे नोंदणीकृत करार असलेली, पुराच्या रेषेबाहेरची, चार-साडेचार हजारांत मिळणारी भाड्याची खोली. दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक कागदावर आहे. शहराच्या हद्दीत, उद्यमनगर आणि मार्केट यार्डपासून बसच्या एका टप्प्यात अशा खोल्या उभ्या राहिल्या, तर शुक्रवार पेठेच्या त्या बोळातली निम्मी बिऱ्हाडं पुढच्या पावसाळ्याआधी हलतील. वहीतला हिशेब आता त्यांनीही बघितला आहे.